अव्हेर, आहेर आणि आमच्या रूथबाई

रूथबाईंची आणि माझी ओळख झाली ती माझी फजिती होऊन. नोकरीसाठी साताऱ्याहून पलूसला काका-काकूंकडे राहायला आलो होतो. काकूंबरोबर रूथबाईंच्या गुरुवारच्या बायबल अभ्यासाला गेलो. बाईंनी मला वाचायला लावलं आणि त्यात 'अव्हेर' हा शब्द आला. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमचं. मी बिनधास्त अर्थ सांगून टाकला, "देवाने त्या लोकांना आहेर केला."

सगळी खोली हसायला लागली. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "आरं, अव्हेर म्हंजी नाकारनं. पर तुझा देव झ्याक हाय. घालवून देतानाबी भांडी देतोय!"

त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी. बाई शाळेतून कधीच निवृत्त झाल्या, यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, पण शिकवणं सुटलेलं नाही. त्यांच्याकडे कितीही आडवा प्रश्न घेऊन जा, 'तुझा विश्वास कमी आहे' असं त्या कधी म्हणत नाहीत. मी तर प्रश्नच घेऊन फिरतो. एका ठिकाणी प्रभू म्हणतो, जो येईल त्याला मी परत पाठवणार नाही. दुसरीकडे 'प्रभू, प्रभू' करत आलेल्यांना सांगतो, मी तुम्हाला ओळखत नाही, चालते व्हा.

"बाई, यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही. आदी कपभर च्या घे."

माझ्यासाठी हा डोक्याला खुराक होता. काकांसाठी तसं नव्हतं. काका फौजेतून रिटायर झालेले. काकूंना सोडायला यायचे आणि बाहेर स्कूटरवरच बसून राहायचे. चर्च त्यांनी कैक वर्षांपूर्वी सोडलं होतं. तरुणपणी ऐकलेलं ते 'ओळखत नाही' मनात घट्ट बसलेलं. ते आपल्यालाच म्हटलंय, आता आत जाऊन उपयोग नाही, असं ते धरूनच चालले होते.

एका गुरुवारी बाई स्वतः चहाचे कप घेऊन बाहेर गेल्या. मीही मागोमाग गेलो.

"फौजी, आत या की."

"नगं बाई. मला न्हाई वळखायचा त्यो."

"बरं, ऱ्हायलं. तुमी गेटवर ड्युटी केलीया न्हवं? कुनाला परत लावायचा?"

"लय जनांना! 'सायबांचा खास मानूस हाय, सायबांसाठी ह्ये केलं, त्ये केलं,' आसं सांगत यायची. सगळी वशिल्याची मानसं."

"शास्त्रातली ती 'प्रभू, प्रभू' करनारी मानसंबी ह्येच सांगत्यात. तुझ्या नावानं आमी ह्ये केलं, त्ये केलं. आन गेटवर कोन जखमी आला, तर त्याला वळख इचारायचा?"

"काय बोलताय बाई! जखमी मानसाला कोन वळख इचारतंय? उचलायचा आन आत!"

बाई नुसत्या चहा पीत राहिल्या. मग काका म्हणाले, "आवं, लय चालू हायसा तुमी," आणि स्कूटरची किल्ली काढून आत आले.

पुढे काकांनी पुष्कळ वर्षांनी चर्चमध्ये जाऊन प्रभुभोजनाची भाकर घेतली, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं तरी, शर्टाला इस्त्री केली असती!" बाई मात्र कुणालाही सांगत नाहीत की हे त्यांच्यामुळे झालं. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला मी इथे सांगतोय.

आता काका पहिल्या रांगेत बसतात आणि माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतात. परवा त्यांनी एसावाचा विषय काढला. "बाई, दोगं जुळं भाऊ. जन्मायच्या आदीच देवानं धाकट्या याकोबाला पसंत केलं आन थोरल्या एसावाला न्हाई. त्या पोरानं कुनाचं काय वाकडं केलतं?"

बाईंनी पुस्तक मिटलं. "फौजी, त्ये मलाबी आजून उमगलं न्हाई. वर गेल्यावर पयला ह्योच प्रश्न इचारनार हाय."

काका पटकन म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या. आमाला उत्तराची घाई न्हाई."

बाई, आम्हा सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. ठणठणीत राहा, दर गुरुवारी आम्हाला असंच हसवत राहा. एसावाचं उत्तर लांबू दे, लय लांबू दे.