डाव्या सीटचा पट्टा

मंडळी, आधी एक सांगून टाकतो. या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलो. चकवा, हडळ, पिंपळाखालची बाई... "ज्यांना वायरिंग कळत नाही त्यांना भुतं दिसतात" हे माझं ठरलेलं वाक्य, बायकोला पाठ झालेलं. मी जळगावला एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमच्या धंद्यात एकच धर्म — काही वाजत असेल तर तिथपर्यंत कुठून तरी वायर आलेली असते. ती शोधायची, दुरुस्त करायची, आणि जेवायला घरी जायचं.

तर ही गोष्ट एका गाडीची आहे, आणि ती लिहितानाही माझं डोकं तापतंय.

गाडी म्हणजे काय, डबीच. दोन माणसांची ती इलेक्ट्रिक गाडी आता सगळ्यांनी रस्त्यावर पाहिली असेल. मागे सीट नाही, डिकीत एक पिशवी मावली तर नशीब. शहरात फिरायला, कमी पैशात, घरच्या प्लगवर चार्ज होणारी. मला ती नकोच होती. बुक केली ती नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोणाला न विचारता, आणि त्यातही सगळ्यात स्वस्त मॉडेल. नानांचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी चढवत नव्हती, स्कूटरवर मागे बसवत नव्हतं. मी म्हटलं, "नाना, घ्यायचीच तर चार माणसांची घ्या ना." तर म्हणे, "मले गावमा फिरानं शे. बठ्ठं गाव लिसन फिरानं शे का?" सगळं गाव घेऊन थोडंच फिरायचं होतं त्यांना!

मग कंपनीचा खेळ सुरू झाला. पुढच्या आठवड्यात येईल, बॅटरी यायची आहे, ट्रक निघालाय... नाना रोज शोरूमला फोन करायचे आणि रोज एक गोड आवाज त्यांना नवी थाप मारायचा. थंडीच्या दिवसांत एका सकाळी नानांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले. गाडी आली ती तेरावं झाल्यावर. शोरूमच्या पोराने गाडीला हार घातला होता. "अभिनंदन सर!" म्हणाला. ती चावी त्याच्याच कपाळात मारावी असं मला वाटलं.

पहिल्याच दिवसापासून गाडी वाजायला लागली. टिंग... टिंग... टिंग... डाव्या सीटवर कोणी बसून पट्टा लावला नाही की वाजतं ना, तसं. पण डावी सीट रिकामी! पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. मी घरून मिलपर्यंत तो आवाज ऐकत जायचो आणि मिलमध्ये पोहोचल्यावर पहिला जो समोर येईल त्याच्यावर ओरडायचो.

बायकोला म्हटलं, ऐक. ती शेजारी बसली, पट्टा लावला, गाडी गप्प. पट्टा काढला, तरी गप्प. तिला उतरवलं आणि कोपऱ्यापर्यंत एकटा गेलो... टिंग टिंग. या गाडीची गंमत मला तेव्हा कळली. दोनच सीट. साक्षीदार आत घेतला की सीट रिकामी राहत नाही, आणि सीट रिकामी ठेवली की साक्षीदार बाहेर! मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. त्यात पंख्याची घरघर आणि माझ्या शिव्या, बाकी काही नाही. बायकोने ते माझ्या मेहुणीलाही ऐकवलं.

सर्व्हिस सेंटरला गेलो. एका पोऱ्याने तक्रार ऐकली, गाडी आत नेली, तासाने बाहेर आणली. "सर, सॉफ्टवेअर अपडेट केलंय." मी फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच टिंग! परत वळलो. तो शेजारी बसला आणि आवाज बंद. "सर, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय." कस्टमर केअरवाली बाई हिंदीत आभार मानून फोन ठेवायची. सीट स्वतः उघडली असती, पण सील तुटलं की वॉरंटी गेली म्हणे. बायको म्हणाली, "अहो, मग रिकाम्या सीटला पट्टा लावून टाका ना." लावला की आवाज बंद व्हायचा, हे खरं. पण मी लावायचो नाही. दोष गाडीचा, मी का लावू? सराफ बाजारातून हवेला पट्टा बांधून फिरायचं आणि लोकांना तमाशा दाखवायचा!

आता ताईचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी मोठी बहीण धुळ्याला, देवपूरमध्ये राहते. तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला नानांनी भर पंगतीत दाजींना सुनावलं होतं — जिना चुकीच्या जागी घेतलाय, अक्कल काय गहाण टाकली होती का. दाजी मान खाली घालून वाढत राहिले. ताईने मात्र मनाला लावून घेतलं. म्हणाली, "आता नाना स्वतः न्यायला येतील तेव्हाच मी जळगावला येईन." आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आपली आपण येत नाहीत, त्यांना आणायला माहेरचं माणूस जातं — मुऱ्हाळी. नाना म्हणाले, "मी कसाले जाऊ? पोर जाई." पोर म्हणजे मी. दर आखाजीला मी एसटीने धुळ्याला जायचो, ताई फाटकात हाताची घडी घालून उभी असायची, आईसाठी सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात द्यायची, आणि मी तो डबा घेऊन परत यायचो. बाप आणि लेक, दोघं एकाच मातीचे. हेलपाटे माझे!

नाना गेले तेव्हा ती आली. मातीला आली, दहाव्यालाही आली, पण दोन्ही वेळा अंगणातूनच परत गेली. उंबरा ओलांडला नाही, घरात पाण्याचा घोट घेतला नाही. आईने पदर तोंडात धरला. मला इतका राग आला होता की मी तिच्याशी बोललोच नाही.

आणि आता आखाजी आली. आखाजीलाच आम्ही घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. नानांची पहिली घागर. आईने मला समोर बसवून सांगितलं, "भूषण, ताईला घेऊन ये. ती नसली तर यंदा मी घागर भरणार नाही." आई असं कधी बोलत नाही. म्हणजे नानांना तहानलेलं ठेवायचं किंवा ताईला आणायचं, यातलं एक मला करायचं होतं.

आदल्या दिवशी सकाळी निघालो. मिलने गाडी दिली नाही, मित्राची जीप लग्नाला गेलेली, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. राहिली ही डबी. कागदावर तिचं चार्जिंग धुळ्यापर्यंत पुरतं, पण कागद लिहिणाऱ्याने खानदेशातलं ऊन पाहिलेलं नसतं. एसी बंद, काचा खाली, गरम हवा तोंडावर, बाजूने ट्रक गेला की गाडी थरथरते, आणि वर ते टिंग... टिंग... टिंग! एरंडोल येईपर्यंत माझी सहनशक्ती संपली. गाडी कडेला घेतली, खाली उतरलो, फिरून डावं दार उघडलं आणि पट्टा ओढून खाटकन अडकवला. "घ्या! बसा एकदाचे गप्प!" असं ओरडलो. कोणाला ओरडलो ते माहीत नाही. शेजारी टरबूज विकणारी बाई माझ्याकडे बघत राहिली.

पुढे गाडी गप्प.

पारोळ्याला ढाब्यावर चार्जिंगला थांबलो. ढाबेवाला गाडीभोवती फिरून म्हणाला, "भाऊ, हाई गाडी शे का पोरेसनं खेळनं?" तेवढ्यात लाइट गेली. ती येईपर्यंत खाटेवर बसून घाम पुसत होतो आणि मनात ताईला काय काय ऐकवायचं ते जुळवत होतो. यंदा डबा घेणार नव्हतो. येतेस की नाही, एवढंच विचारायचं आणि नाही म्हणाली तर तोंड पुन्हा दाखवायचं नाही.

देवपूरला पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ताई फाटकात उभी. तीच हाताची घडी. दरवर्षी ती आधी विचारते, "आई कशी आहे?" यंदा ती माझ्याकडे बघतच नव्हती. गाडीकडे बघत होती.

"हीच का ती?"

"कोणती ती?"

"नानांची गाडी." ती फाटक उघडून बाहेर आली, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि खिडकीतून आत वाकली. "पट्टा कोणाला लावलायस?"

माझा स्फोटच झाला. "कोणाला म्हणजे? हवेला! एकटा असलो की बोंबलते ही. कोणी बसलंय आणि पट्टा लावत नाहीये असं समजते. कंपनीवाले म्हणतात गैरसमज, बायको म्हणते डोकं फिरलंय. पट्टा बांधला तेव्हा कुठे गप्प बसली!"

ताई हळूच म्हणाली, "नाना कुठे लावायचे पट्टा."

खरं होतं ते. दाजींच्या गाडीत बसले की दाजी पट्टा पुढे करायचे आणि नाना तो झटकायचे. "मी काय गोऱ्हा शे का, बांधी ठेवाले?"

"गाडी बुक केली त्या दिवशी नानांचा फोन आला होता," ताई म्हणाली. "म्हणाले, 'गाडी येऊ दे, मंग मीच येस तुले लेवाले. कोणले सांगू नको, नहीतं घरमा बठ्ठा हासतीन.' मी कोणाला सांगितलं नाही. रोज वाट बघत होते, भुश्या."

"मग अंगणातून परत का गेलीस?"

"न्यायला येतो म्हणाले होते ना. आले नाहीत. राग आला होता मला... गेलेल्या माणसाचा राग आलाय, हे कोणाला सांगायचं?"

तिने डावं दार उघडलं. वाकून त्या रिकाम्या सीटकडे बघत, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "उनात ना नाना, शेवट... आलात ना मला न्यायला." मग तिने पट्टा सोडवला. धक्का न लावता, हळू, आजारी माणसाच्या अंगावरची चादर काढतात तसा.

गाडी मी बंद केलीच नव्हती. या गाड्यांचं इंजिन वाजत नाही, चालू आहे हे विसरायलाच होतं. समोरचे दिवे लागलेले होते. सीट रिकामी, पट्टा सोडलेला, ताई बाहेर उभी. मी कान देऊन थांबलो.

काहीच वाजलं नाही.

"आत ये, पाणी घे," ताई म्हणाली. "मी बॅग भरते."

तिच्या खिडकीतून वायर काढून गाडी चार्ज केली आणि उन्हं उतरल्यावर निघालो. बॅग डिकीत मावेना, तिने मांडीवर घेतली. बसण्याआधी क्षणभर थांबली. "मी बसले तर ते कुठे बसतील रे?" मी म्हटलं, "ताई, बस ना आता." बसली. जळगावला आली तेव्हा आई अंगणात उभी होती. ताईने उंबरा ओलांडला, सरळ माठाजवळ गेली आणि उभ्यानेच घटाघटा पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी घागर दोघींनी मिळून भरली.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. मन हळवं झालं होतं, कान वाजले असतील, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यानंतर गाडी एकदाही वाजली नाही, म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला मी विचारलं की तो डाव्या सीटचा सेन्सर शेवटी खराब झाला का. फोरमनने जांभई देत माझ्या गाडीचे कागद बघितले.

"सर, तुमच्या मॉडेलमध्ये डाव्या सीटला सेन्सर येतच नाही. वरच्या मॉडेलला येतो."

"मग मागच्या वेळी तुमच्या माणसाने अपडेट कशाचं केलं?"

"तक्रार आली की अपडेट मारतात सर."

मी हट्टाला पेटलो. म्हटलं वॉरंटी गेली खड्ड्यात, सीट उघडा. उघडली. स्वतः टॉर्च घेऊन खाली वाकलो. फोम, पत्रा, धूळ. पट्टा अडकवतात त्या खाचेपाशी बघितलं, तिथेही नाही. डाव्या बाजूला पुढच्या पॅनलपर्यंत हात घालून चाचपलं. वायर नाही. कापलेली नाही, सुटलेली नाही — कधी नव्हतीच. इतकी वर्षं पॅनल उघडतोय, पण वायरीशिवाय वाजलेलं काही मी पाहिलेलं नाही. तुमच्यात कोणी ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर सांगा. ब्लूटूथ, ओलावा, दुसऱ्या गाडीचा सिग्नल, सगळं माझं मोजून झालंय. एकही बसत नाही.

मी अजून त्याच गाडीने मिलला जातो. कंपनीवर अजून चिडतो, हेडलाइटवर चिडतो, चार्जिंगवर चिडतो. फरक एवढाच की आधी वाजते म्हणून चिडायचो, आता वाजत नाही म्हणून चिडतो. सिग्नलला थांबलो की इकडेतिकडे बघतो, कोणी बघत नसेल तर डाव्या सीटवर हाताने जोर देतो. थोडा थांबतो. मग हिरवा दिवा लागतो आणि मागचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागतो.