सफरचंदाची चिठ्ठी

शब्द हे परमेश्वराचं चालतंबोलतं रूप, अशी माझी श्रद्धा आहे. आणि त्या रूपाची निष्ठेने सेवा करणारी एक बाई मी पाहिली आहे. शब्दकोशाच्या कार्यालयात सगळे तिला चिठ्ठीताई म्हणत. खिडकीजवळचं टेबल, समोर लाकडी कपाट, कपाटाला एकशेवीस खण, खणांत चिठ्ठ्या, आणि चिठ्ठीगणिक एक शब्द. कुणी तुर्की भाषाघराण्यातला, कुणी युराली, कुणी तुंगुसी. पाण्याला तुर्की म्हणते 'सु', फिनिश म्हणते 'वेसी', मांचू म्हणते 'मुके'. झोपलेलं लेकरू आईने उचलावं, तशी ताई चिठ्ठी उचले.

सहा हातांवर तिचा सख्खा धाकटा भाऊ बसे. तो मुद्रितशोधक. वडीलही इथेच चिठ्ठ्या लिहीत. ते गेले, आणि घरी राहिलेल्या त्यांच्या चिठ्ठ्या ताईने कार्यालयाला देऊन टाकल्या. "बाप विकलास," भाऊ म्हणाला, आणि अकरा वर्षं तिच्याशी बोलला नाही. दोघांच्या मधे राहिला एक शिपाईमामा.

"मामा, बाईंना सांगा, 'क'चा खण उघडा टाकलाय."

"मामा, साहेबांना सांगा, डोळे आहेत तसे हातही असतील. लावून घ्या."

"अहो, मी माणूस आहे, टेलिफोन नव्हे!" मामा म्हणे, आणि निरोप पोचवी.

कोश त्या दिवशी पाच वाजता छपाईला जायचा होता. दुपारी ताईच्या हाती वडिलांची चिठ्ठी आली. त्यांच्या बाकीच्या चिठ्ठ्या निवडीत मागे पडल्या होत्या. कोशात जाणारी ही एकच. हंगेरियनमध्ये सफरचंद 'अल्मा', कझाखमध्येही 'अल्मा'. खाली वडिलांचं गोल अक्षर: 'एकाच रक्ताचे.'

ताईचं बोट त्या ओळीवर थांबलं. हंगेरियन ही फिनिशसारखीच युराली घराण्यातली, कझाख तुर्की घराण्यातली. सख्ख्या शब्दांची तोंडं काळाने बदलतात: तीनला फिनिश म्हणते 'कोल्मे', हंगेरियन म्हणते 'हारोम', 'क'चा 'ह' झाला, तरी रक्त तेच. हा 'अल्मा' मात्र दोन परक्या घरांत जसाच्या तसा, आणि फिनिश बहिणीकडे सफरचंदाला 'ओमेना'! हा घरात जन्मलेला नव्हे. हा तुर्की शेजाऱ्याकडून आलेला.

तिने वडिलांच्या ओळीवर एक रेघ मारली. नव्या चिठ्ठीवर लिहिलं, 'उसना', आणि ती भावापुढे ठेवली. दुरुस्तीला दोघांच्या सह्या लागत. एक जरी नसली, तर शब्दच कोशातून गळे.

भाऊ ताडकन उठला. अकरा वर्षांनी थेट बोलला.

"बाबांच्या अक्षरावर रेघ? हात कसा धजला तुझा?"

"थरथरला. पण रेघ सरळ आली."

"अख्ख्या ग्रंथात त्यांची एक चिठ्ठी! तीही खाल्लीस. नाही करत सही, जा."

"नको करूस. शब्द गळेल, आणि बाबांचं नावही गळेल."

"आणि केली तर तुझं नाव झळकणार!"

"दोघांचं छापतात. पहिली चिठ्ठी कुणाची, दुरुस्ती कुणाची. नियम कुणी घातला, आठव."

नियम वडिलांचाच होता. चुकीची का होईना, पहिली वाट ज्याने तुडवली त्याचं नाव पुसायचं नाही.

"म्हणजे बाबांचं नाव चुकीपाशी छापायचं? लोकांनी हसायला?"

"हसू देत. कुणावर हसले ते तरी कळेल."

छापखान्याचा माणूस दारात उभा होता. घड्याळात पावणेपाच. भाऊ मटकन बसला. त्याने ओळीखाली पट्टी धरली, मुद्रितं वाचावीत तशी चिठ्ठी वाचली, एकदा, दोनदा, तीनदा. चूक शोधत होता, सापडेना.

"बाबांचं नाव वर," तो दात खाऊन म्हणाला. "तुझं खाली. बारीक टायपात."

"बारीकच."

त्याने अशी सही ठोकली की निबाने कागद फाटला, शाईचा ओघळ वडिलांच्या नावाकडे निघाला.

"या जन्मात तुझं तोंड बघणार नाही."

"अकरा वर्षं कुठे बघितलंस?"

"मामा!" तो ओरडला. "बाईंना सांगा, टिपकागद द्या म्हणावं!"

टिपकागद तिने केव्हाच त्याच्या कोपराशी आणून ठेवला होता.