म्हशीसाठी उतार

वलगावच्या शाळेत मी पहिलीला शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. अमरावतीहून साहेब यायचे ठरले की आमच्या पाटलांना उद्घाटनासाठी काहीतरी लागे. या खेपेला पाण्याचा हौद ठरला. शाळेसमोर माणूसभर खोल चौकोनी खड्डा खणला गेला आणि पाटलांनी दोरी धरून त्याचे काठ सुतात आणवले. पाणी कुठून येणार, हे विचारण्याचा उद्धटपणा कुणी केला नाही.

साहेब यायच्या आदल्या सकाळी मी मुलांना उतार शिकवत होतो. पाटीचे एक टोक विटेवर टेकवले होते आणि एकेकजण तिच्यावरून दगड वर ढकलत होता.

"उतार कशाला लागतो?" मी विचारले.

"सरकीचं पोतं फळीवरून गाडीत चढवाले," एक म्हणाला.

"न्हाणीतलं पाणी भाईर जावाले."

"चड्डी फाडाले, गुरुजी," मागच्या ओळीतून आले. हे उत्तरही चुकीचे म्हणता येईना.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. शाळेमागे वांगी-मिरची लावणाऱ्या माळणीची म्हैस खड्ड्यात पडली होती. सगळा वर्ग काठावर धावला, त्याच्यामागे मी.

पाटील दोर मागवून मोकळे झाले होते. पोटाखालून दोर घालायचा आणि दहाजणांनी वर ओढायचे.

"पोटाले दोर नका लावू, पाटील!" माळीण खाली म्हशीला बिलगून उभी होती. "दिवस भरले हायेत तिचे. पारडू मरन."

माणसे दोर हातात धरून पाटलांकडे पाहू लागली. एका मुलीने माझा सदरा ओढला. "गुरुजी, उतार काहून नाई करत?"

मी तिचा प्रश्न जरा मोठ्याने पाटलांच्या कानी घातला.

"काठ मोडन ना!" पाटील म्हणाले. "उद्या साहेब येऊन राहिले."

"साहेबाले म्हैस नाई दिसत का?" खालून माळीण ओरडली.

म्हैस धापा टाकत होती. पाटील जनावरांत वाढलेला माणूस; त्यांना ते ऐकवेना. त्यांनी फेटा काढून एकाच्या हाती दिला आणि म्हणाले, "खणा."

पहिला उतार घाईत झाला, आखूड आणि उभा. म्हशीने पुढचे पाय टाकले, घसरली आणि गुडघ्यांवर आली. माळणीने डोळे मिटून घेतले.

"पाटी लईच उभी झाली," मघाचीच मुलगी पुटपुटली.

मग मी मुलांना तिथेच सांगितले की उतार जितका लांब, तितकी चढण सोपी. फक्त चालणे वाढते. ऐकणाऱ्यांत पाटीलही होते. उतार पार शाळेच्या कडुलिंबापर्यंत लांबवला. काळी माती निसरडी, म्हणून मुलांनी शेजारच्या वावरातल्या कपाशीच्या वाळक्या पराट्यांच्या मोळ्या आणून तिच्यावर अंथरल्या. माळणीने म्हशीच्या मानेवर हात ठेवला. "चाल वो माय, चाल. भवाने, मले मारतं का?" शिव्या आणि लाड एकाच श्वासात. म्हैस थांबत, फुरफुरत वर आली आणि कुणाकडे न पाहता घराकडे वळली. माळीणही.

"पाय बरे हायेत ना तिचे?" पाटलांनी मागून विचारले. फेटा बांधायचे त्यांच्या ध्यानात नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. एका बाजूने ढासळल्यासारखा दिसणारा हौद पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. पाटील शांतपणे म्हणाले, "जनावरांसाठी केलाय, साहेब. आत उतराले." साहेबांनी या दूरदृष्टीची तारीफ केली. स्वागतगीताला मात्र माझा पहिलीचा वर्ग अर्धा गायब होता.

समारंभ उरकून मी माळणीच्या गोठ्याकडे गेलो. मुले कुडाला डोळे लावून उभी होती. मला पाहताच माळीण दबक्या आवाजात म्हणाली, "हळू, गुरुजी. आताच व्याली. दोघीही बऱ्या हायेत."

वगार ओल्या अंगाने उभी राहायची खटपट करत होती.