आडनाव न सांगणारा

नगरात घरोघरी फोन येऊ लागले, तेव्हा एका छापखान्यानं दुकानांच्या फोन नंबरांची धंदेवार सूची काढायचं ठरवलं. दुकानदारांकडून जाहिराती आणायला माणूस हवा होता. मुलाखतीला आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. माझं आडनाव, गाव ऐकून साहेब खुलले, "म्हणजे आपल्यातलेच!"

दुसरा नेवाशाकडचा, खिशाला दोन पेनं लावलेला. त्यालाही आडनाव विचारलं. त्यानं टेबलावरची नमुन्याची सूची उघडून हलक्या हातानं साहेबांपुढं सरकवली.

"साहेब, ह्यात लोकांनी धंद्यावरनंच दुकान हुडकायचं हाय ना? मंग मला बी कामावरनंच हुडका की."

साहेबांनी सूची मिटली. नोकरी मला मिळाली.

त्याचं आडनाव मला आजही ठाऊक नाही. माझं मात्र मी किती तोऱ्यात सांगितलं होतं!