आइलीसाठी बनवलेला आवाज

कॅनडातल्या थंडर बेमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या आर्वो लेहतोलाने जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. त्याची बायको आइली फिनिश लोकांच्या हॉलमध्ये शनिवारी अकॉर्डियन वाजवायची. मग तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, छातीशी धरून अकॉर्डियनचा भाता ओढणं संपलं. उजवा हात संधिवाताने आधीच आखडत होता, त्याची तीनच बोटं धड उरली.

आर्वोने स्वयंपाकघराच्या टेबलावर काम मांडलं. दोन कप कॉफीच्या किमतीत मिळणारा, बोटाएवढा मायक्रोकंट्रोलर म्हणजे इवलासा संगणक, मोडक्या रेडिओचा स्पीकर आणि मोठाली बटणं, सगळं एका पेटीत बसवलेलं. नुसतं टेकलं तरी सूर निघायला हवा, एवढाच त्याचा हट्ट.

पहिला सूर ऐकून आइली म्हणाली, "बदकाला सर्दी झालीय का रे?"

"थांब जरा. शिकतोय अजून."

"बदक की तू?"

अकॉर्डियनमध्ये एका सुराला धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात, किंचित वेगळ्या लावलेल्या. त्या फरकाने आवाज थरथरतो. तो थरथराट आकड्यांत बसवायला त्याला तीन महिने लागले. जमलं त्या दिवशी त्याने मला बोलावलं. भिंतीपलीकडून वीस वर्षं ऐकलेला तोच आवाज. मी हातातला वेलचीचा पाव खाली ठेवला.

आइलीने वॉल्ट्झ नाचाच्या एका धूनची ओळ वाजवली आणि मध्येच हात मांडीवर घेतला.

"चुकलं का काही?" आर्वोने विचारलं.

"हुबेहूब आहे रे. छातीशी भाता नाही, दम लागत नाही, आणि आवाज मात्र माझा. मला नाही सोसत. ने ते."

त्याने पेटी उचलली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मग कसा हवा?"

"कशासारखाच नको."

मग त्याने साधा, शिटीसारखा सूर बसवला. गाणी तिने वाजवली नाहीत. हाक मारायला, कधी त्याला चिडवायला ती बटणं दाबायची. एप्रिलमध्ये दुसरा झटका आला आणि ती गेली.

हॉलमधल्या लोकांनी अंत्यविधीला त्याने बनवलेला तिचा अकॉर्डियनचा आवाज लावायला सांगितलं. आर्वो म्हणाला, "तो मी पुसला. तिने नको म्हटलं त्याच दिवशी."

घरी परतताना मी म्हटलं, "पुन्हा बनवता येईल की तुला."

"येईल," तो म्हणाला. "वाजवणार कोण?"

मी त्याला दारापर्यंत सोडलं. किल्ली लावायला त्याला बराच वेळ लागला.