तापीच्या वाळूतून सुटलेला दगड

त्या वर्षी माझी श्रद्धा पार आटली होती. इंग्रजांच्या राजवटीतले ते दिवस. बुऱ्हाणपूरच्या लालबाग वस्तीतल्या एका शिक्षकाचा मुलगा, म्हणजे मी, विमान चालवायला शिकतो, याचं गावात मोठं कौतुक होतं. माझी मात्र रोजची ओढाताण चालली होती. ढगात बाहेरचं काही दिसत नसताना, नुसत्या समोरच्या काट्यांवर नजर ठेवून विमान चालवण्याचा परवाना मला हवा होता. त्यासाठी डोक्यावर कापडी पडदा ओढून उड्डाणाचा सराव करायचा आणि उरलेल्या वेळात हवामान, नकाशे, यंत्रं यांच्या लेखी परीक्षेचा अभ्यास. पुस्तक उघडलं की काटे डोळ्यांपुढे नाचत, आणि विमानात बसलो की अर्धवट सोडलेला धडा टोचत राही. सुट्टीत घरी आलो की आई म्हणे, "जरा तापीमायवर सोड रे." मी चिडून म्हणायचो, "पेपर काय तापीमाय लिहिणार आहे?"

परीक्षा अगदी जवळ आली असताना एकट्यानं करायचं एक लांबचं उड्डाण राहिलं होतं. खंडव्याजवळच्या मैदानावरून निघालो. फाल्गुनाचे दिवस, आभाळ मोकळं. खाली रेल्वेचे रूळ धरून दक्षिणेला जायचं, वाटेत अशीरगडाचा डोंगर, मग आमचं गाव. पण सातपुड्यावर अवकाळी ढग कुठून आले कळलंच नाही. बघता बघता रूळ दिसेनासे झाले, मग विमानाचे पंखही दिसेनात. त्या काळी आमच्या विमानात रेडिओ नव्हता. विचारणार कुणाला?

मी सरळ चाललोय अशी माझी खात्री होती. काटा मात्र सांगत होता की विमान उजवीकडे वळतंय आणि खाली घसरतंय. त्या काट्यावर विश्वास ठेवायचा, आपल्या अंगाला काय वाटतं त्यावर नाही, हे मी पाठ केलं होतं. पण तेव्हा अंगातला कण न् कण ओरडत होता की काटाच बिघडलाय. शेवटी मी हरलो. "माये, मला काही कळत नाही गं," एवढंच तोंडातून निघालं, आणि मी आपलं म्हणणं सोडून काटा सांगेल तसं विमान डावीकडे वळवून वर घेतलं.

तेवढ्यात उजव्या पंखापलीकडे ढग फाटला. काळा, ओला दगडी तट. त्याच्या फटीतलं गवत वाऱ्यानं हलत होतं, तेसुद्धा मला दिसलं. इतक्या जवळ अशीरगड मी आयुष्यात पाहिला नव्हता. डोळ्याचं पातं लवायच्या आत ढगानं तो पुन्हा गिळला. माझ्या घशातून आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही.

पुढे किती वेळ उडत होतो सांगता येणार नाही. ढग विरळ झाले तेव्हा खाली तापी होती. पेट्रोल संपत आलं होतं. पात्रातली वाळू लांबच लांब, सपाट दिसली, म्हणून तिथंच उतरायचं ठरवलं. चाकं टेकायला थोडंच अंतर उरलं असताना वाळूत एक बाई उभी दिसली. हातात गोफण. मी काही समजायच्या आत पंखाच्या कापडावर थाडकन दगड बसला. दचकून मी इंजिनाला जोर दिला, विमान वर उचललं, आणि बहादरपूर गावाजवळच्या एका कापणी झालेल्या शेतात कसाबसा उतरलो. माणसं जमली, पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईला शोधत नदीवर गेलो. तिची टरबुजाची वाडी होती. वाळूत गुडघाभर खोल खड्डे ओळीनं खणलेले, त्यांत कोवळे वेल. ढगाळ उजेडात सावली पडत नव्हती, म्हणून वरून मला सारं सपाट दिसलं होतं. त्या खड्ड्यांत चाक गेलं असतं तर विमान माझ्यासकट उलथलं असतं. ती वेलांना पाणी घालत होती; मी तिच्याजवळ गेलो.

"मावशी, काल दगड मारला तो... पाखरू वाटलं का तुम्हाला?"

"पाखरू कायले वाटंन? एवढालं पाखरू असते का कुठं?" ती अजून रागातच होती. "माह्या वेलांवर उतरत होतास. मी म्हटलं, हा पागल माह्यी वाडी चिरडते."

"तुम्ही माझा जीव वाचवलात."

माझ्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मी तर टरबुजं वाचवली बाबा. तुले त्या मायनं वाचवलं असंन," आणि हनुवटीनं नदी दाखवली.

पुढे मी परीक्षा दिली, परवानाही मिळाला, पुष्कळ ढगांतून गेलो. त्या दिवशी काय घडलं याचा उलगडा करायला मी कधी बसलो नाही. आपलंच खरं हा हट्ट जिथं सुटतो, तिथून पुढचं कुणीतरी सांभाळतं, एवढं मला उमगलं. आणि सांभाळणारा हात रागानं उगारलेलाही असू शकतो.

पण त्या सकाळी, त्या बाईच्या वाडीतून परत निघताना, मी पाण्यात उतरलो होतो. परीक्षा समोर होती, आईनं नवस बोलायला सांगितलं होतं. तापी पायांवरून शांत वाहत होती. हात जोडले, आणि मागायचं काही आठवेचना.