स्लाइसकाका भट्टीवर

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली स्लाइसकाका म्हणते. हे नाव त्यांना पावाच्या कारखान्यातल्या मंडळींनी दिलं, आणि निवृत्तीच्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळासोबत तेही घरी आलं. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. नाव अजून ठणठणीत आहे.

उभी हयात त्यांनी पाव कापायच्या यंत्रावर काढली. पट्ट्यावरून चौकोनी पाव यायचे, पात्यांमधून जायचे आणि एकसारख्या चकत्या होऊन पलीकडे पिशवीत पडायचे. एखादी चकती जाड निघाली की बाबा पट्टा थांबवायचे. घरीसुद्धा तोच खाक्या. आईंनी काकडी चिरली की ते ताटातल्या फोडी बोटाने सारखून बघायचे आणि आई म्हणायच्या, "अहो, खा आता. पोटात जाऊन काही रांगेत बसणार नाहीत त्या."

आमच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करायचं एक जुनं दुकान होतं. ते बंद झालं आणि तिथे दोघी बहिणींनी बेकरी काढली. थोरली भाजायची, धाकटी गल्ला आणि कॉफी सांभाळायची. उजाडता उजाडता तिथून असा वास सुटायचा की आमच्या जिन्यात लोक उगाच रेंगाळायला लागले. वरच्या मजल्यावरचे वकील तर म्हणे व्यायामाला निघायचे आणि कोपऱ्यावरूनच कागदी पिशवी घेऊन परत फिरायचे.

बाबांना मात्र ते सगळं थोतांड वाटायचं. वकिलांनी एकदा पाव दाखवला तर हे म्हणाले, "केवढाली भोकं आहेत यात! आणि वरून करपलाय. आमच्याकडे असा माल निघाला असता तर त्या दिवशी कुणाची तरी खैर नव्हती."

"खाऊन तर बघा."

"कशाला? दिसतंय ना!"

आई मात्र रोज खिडकीतून मान वाकडी करून कोपऱ्याकडे बघायच्या. शेवटी एका रविवारी मीच म्हटलं, "चला, आज नाश्ता तिथेच करू." आईंनी ठेवणीतली चप्पल काढली. बाबा म्हणाले, "मी नुसता सोबत येतो." आणि तरी आमच्या आधी जिना उतरले.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारातून शिरल्यावर काचेचं कपाट, त्यात लोण्याने चमकणारी क्रोसाँ, दालचिनीचे रोल, जर्दाळूची पेस्ट्री. मागच्या फळ्यांवर गोल, लांब, पीठ भुरभुरवलेले पाव. कॉफीचं यंत्र मधूनच असं फुस्सकन ओरडायचं की आई दर वेळी दचकायच्या आणि दर वेळी हसायच्या. सगळ्यात मागे एक मोठी काच होती आणि काचेपलीकडे थोरली काम करताना दिसायची. तिला सातवा महिना होता. पोट सांभाळत ती टेबलापासून जरा लांब उभी राहून पीठ मळत होती.

आईंनी काचेवर बोट ठेवून सांगितलं, "हे एक, ते एक आणि तो गोल गोल आहे ना, तोही." माझ्याकडे बघून वर म्हणाल्या, "आपण तिघं आहोत." प्रत्यक्षात त्यांनी मला रोलचा जेमतेम एक घास दिला. क्रोसाँ मोडलं तर पापुद्र्यांचा चुरा त्यांच्या पदरभर झाला आणि तोही त्यांनी बोटाने टिपून खाल्ला. चेहरा असा फुलला होता की धाकटी गल्ल्यावरून म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज दारातच बसा, मला पाटी लावायला नको."

बाबांनी साधी कॉफी घेतली आणि सोबत आलेल्या पावाच्या तुकड्याकडे ते संशयाने बघत बसले. मग साल दाबली. कुर्रर्र वाजली. वास घेतला. छोटासा तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"काय झालं हो?" आईंनी विचारलं.

"थांब." त्यांनी दुसरा तुकडा तोडला. मग तिसरा. मग उठून थेट मागच्या काचेपाशी जाऊन उभे राहिले.

थोरलीने आतून बघितलं आणि हाताला पीठ तसंच ठेवून दारात आली. "काका, काही हवंय का?"

"नाही, म्हणजे..." बाबांनी हातातला उरलेला तुकडा पुढे केला. "मी पावाच्याच धंद्यात होतो. अख्खी नोकरी."

"अरे वा! मग तुम्ही जाणकारच."

"कसला जाणकार! पीठ त्या टोकाला पडायचं, मी या टोकाला. मध्ये भलीमोठी भिंत. माझ्यापर्यंत यायचा तो तयार पाव. ओलं पीठ मी कधी हातात धरलेलं नाही."

हे आम्हालाही माहीत नव्हतं. आई खुर्चीवरून वळून बघायला लागल्या.

थोरली हसली नाही. "मग या की आत," ती म्हणाली. "तिकडे हात धुवा."

तिने एक गोळा त्यांच्या पुढ्यात टाकला. बाबांनी आधी एक बोट लावलं, मग अख्खा तळहात टेकवला आणि काचेतून आमच्याकडे बघून ओरडले, "अगं, कोमट आहे हे! बाळाच्या पोटासारखं लागतंय!"

झालं. त्या दिवसापासून माणूस हातातून गेला.

पहाटे अंघोळ करून बाबा बेकरीत हजर. आधी पिठाची पोती उचलायला, कारण थोरलीला वाकायचं नव्हतं. मग टेबल पुसायला. मग गोळे वळायला. पहिल्या दिवशी ते घरून पट्टी घेऊन गेले होते. थोरलीने ती काढून घेतली आणि कपाटाच्या वर फेकली. "काका, पाव आहे तो, वीट नाही. जरा इकडेतिकडे होऊ दे." बाबांना ते इतकं अवघड गेलं की रात्रीच्या जेवणाला त्यांनी आम्हाला चारदा सांगितलं, "जरा इकडेतिकडे होऊ द्यायचं असतं."

घरीही प्रयोग सुरू झाले. पहिला पाव असा निघाला की आईंनी तो दाराला लावला, वाऱ्याने आपटू नये म्हणून. दुसरा आतून चिकट. तिसरा माझ्या नवऱ्याने कौतुकाने खाल्ला आणि दिवसभर पाणी पीत राहिला. बाबा काही हटेनात. भाजून झालेला पाव उलटा धरून त्याच्या बुडावर टकटक करायची आणि पोकळ आवाज आला तरच तो झाला असं समजायचं, हे थोरलीने त्यांना शिकवलं होतं. पण आवाज त्यांना ओळखता येईना. ते घरातली प्रत्येक वस्तू ठोकून बघायला लागले. भोपळा, डबे, दार. एकदा माझ्या नवऱ्याचं डोकंही.

"पोकळ आहे," आई शांतपणे म्हणाल्या. "काढा भट्टीतून."

असे दिवस मजेत चालले होते, आणि एका शनिवारी सकाळी माझा फोन वाजला. बाबा एरवी फोनवर आधी 'हॅलो, मी बोलतोय' असं सावकाश म्हणतात. त्या दिवशी नुसता आरडाओरडा. "लगेच ये! आईला घेऊन ये! ती निघाली दवाखान्यात! आणि भट्टी भरलेली आहे!"

आम्ही आहोत तशा धावलो. बेकरीच्या दारात रांग लागलेली. आत थोरली भिंतीला टेकून उभी, एक हात पोटावर, दुसऱ्या हाताने अजून भट्टीकडे बोट दाखवतेय. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण बाळाला तेवढा धीर नव्हता. तिचा नवरा लांबच्या गावी नोकरीला. तो तिथून निघाला होता. धाकटी गाडीची किल्ली हातात घेऊन रडकुंडीला आली होती. "ताई, बंद करू दुकान. लोकांना सांगते मी."

"आणि हे फुगलेले गोळे? ते थांबणार आहेत का?"

"मी आहे ना," बाबा म्हणाले. "तू जा गं. मी आहे."

थोरलीने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. "काका, घाईने काढू नका. तुम्हाला करपला असं वाटेल ना, तेव्हा तो झालेला असेल." एवढं म्हणेपर्यंत पुढची कळ आली आणि दोघी गाडीत बसून गेल्यासुद्धा.

आता दुकानात आम्ही तिघं आणि समोर ती रांग. आईंनी पदर खोचला, गल्ल्यामागे उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मंडळी, बाईला दिवस भरायच्या आधीच कळा सुटल्यात. ज्याला घाई असेल त्याने घरी जावं. बाकीच्यांनी सुटे पैसे काढून ठेवावेत." कुणीही हललं नाही. मी कॉफीच्या यंत्रापुढे गेले. पहिला पेला नुसता फेस. तो वकिलांना दिला. "हलकी आहे," असं म्हणत ते बिचारे प्यायले.

मागे बाबा भट्टीच्या काचेला नाक लावून उभे. पाव फुगले होते, वर मारलेल्या चिरा उमलत होत्या, रंग सोनेरी झाला होता. जन्मभर त्यांनी याच रंगाचा पाव पाहिला होता. त्यांचा हात दाराकडे जायचा आणि मागे यायचा.

"काढू का?" ते मला विचारत होते. "काढतो. नको. काढू का?"

"बाबा, मला काय कळतंय!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गाडीतून थोरली. बाबांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, एक पाव बाहेर काढा."

बाबांनी लांब दांड्याच्या फळीने एक पाव ओढून घेतला.

"उलटा करा. फोन जवळ धरा. आता ठोका."

मी फोन धरला. बाबांनी जाड कापडात पाव धरून बुडावर टकटक केलं. रांगेतली कुजबुज थांबली. आईंनी सुटे पैसे मोजता मोजता हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"नाही," फोनमधून आवाज आला. "अजून जड आहे. परत आत टाका. आणि... आई गं..." मग धाकटीचा आवाज, "ताई, श्वास घे, श्वास!" मग गाडीचा हॉर्न. आम्ही सगळे त्या फोनवर डोळे लावून उभे. मला वाटतं, श्वास सगळ्या रांगेने मिळून घेतला.

पाव तपकिरी झाला, मग गडद तपकिरी. कडा काळपट दिसायला लागल्या. बाबांच्या कपाळावर घाम.

"आता!" फोन पुन्हा बोलला. "आता ठोका."

टक, टक.

या वेळी मलाही कळलं. रिकाम्या लाकडी पेटीवर बोट वाजवावं तसा आवाज होता.

"हाच!" थोरली ओरडली. "काका, हाच! काढा सगळे! आम्ही पोचलोय, ठेवते!"

बाबांनी एकेक पाव बाहेर काढून जाळीवर ठेवला आणि मग ते पाव तडतडायला लागले. गरम साल गार हवेला लागली की ती अशी बारीक बारीक वाजते, हे मला तेव्हा कळलं. अख्खी जाळी कुजबुजत होती. रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले. बाबा पिठाळलेल्या हातांनी उभे, डोळे भरलेले, आणि ओठांवर एकच, "ऐका, ऐका. गप्प बसा नि ऐका."

पण अजून फुगलेले गोळे बाकी होते. ते बाबांनी स्वतः भट्टीत घातले. ब्लेडने मारलेली एकाही पावाची चीर सरळ आली नाही. एक तर चक्क हसऱ्या तोंडासारखा उमलला. तोच आधी खपला. वकिलांनी पुढे होऊन मागून घेतला.

दुपारी जाळी रिकामी झाली होती. आई खुर्चीत पाय पसरून जर्दाळूची पेस्ट्री खात होत्या, "ही माझी मजुरी" म्हणत. आणि फोन आला. बोलत होती धाकटी, पण आधी ऐकू आलं ते तिच्या मागचं रडणं. बारीक, चिरकं, भरपूर रागावलेलं.

"मुलगी!" धाकटी म्हणाली. "दोघी छान आहेत. जरा लहान आहे, पण आवाज ऐकताय ना?"

बाबा दुकानाच्या दारात गेले आणि गल्लीच्या दिशेने तोंड करून ओरडले, "मुलगी झाली!" खिडक्या उघडल्या. समोरच्या न्हाव्याने कात्री हवेत उंचावली आणि त्याच्यापुढचं अर्धं भादरलेलं गिऱ्हाईकही टाळ्या वाजवायला लागलं.

पुढचे काही आठवडे बेकरी चालली ती एकाच प्रकारच्या पावावर, कारण बाबांना तेवढाच येत होता. क्रोसाँ नाहीत म्हणून आई कुरकुरायच्या, पण गल्ला सोडायच्या नाहीत. धाकटी दवाखाना, घर आणि दुकान असं पळत होती. माझी कॉफी हळूहळू कॉफीसारखी लागायला लागली. गिऱ्हाइकांनी काही तक्रार केली नाही.

मग एका सकाळी थोरली आली, अंगाशी बांधलेलं बाळ घेऊन. बाबांनी तिच्यापुढे पाव ठेवला आणि शाळकरी मुलासारखे हात मागे बांधून उभे राहिले. तिने तुकडा तोडला, वास घेतला, सावकाश चावला.

"मीठ किंचित कमी आहे," ती म्हणाली.

"हो?" बाबांचा चेहरा उजळला. कुणी बक्षीस द्यावं तसा. "फक्त मीठ?"

"फक्त मीठ. आणि काका, सोमवारपासून लवकर या. क्रोसाँ शिकवते. लोण्याचे पदर घालायला हात थंड लागतात, तुमचे आहेत."

घरी येताना बाबा वाटेत भेटेल त्याला हात पुढे करून दाखवत होते. "बघा बरं, थंड आहेत ना?" न्हाव्याला, फुलवालीला, वकिलांना. वकील म्हणाले, "एकदम बर्फ!" आणि बाबा इतक्या झपझप चालायला लागले की आईंना मागून हाक मारावी लागली, "अहो, सोमवार परवा आहे, आज शनिवार!"